बाईंच्या बाजूचा ब्रेक

बाईंनी आयुष्यात एकंदर किती जणांना गाडी शिकवली, याचा नेमका आकडा कुणालाच सांगता येत नव्हता. कुणी हजार म्हणे, कुणी दीड हजार. खुद्द बाईंना विचारलं तर त्या म्हणत, "मोजत बसले असते तर रस्त्याकडे कुणी बघितलं असतं?" एक गोष्ट मात्र सगळे छातीठोकपणे सांगत. बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी चालवतो म्हणजे चालवतोच. याला अपवाद एकच होता, आणि तो नेमका बाईंच्या घरातच निघाला. त्यांची सख्खी नात.

नातीला घरात बारकी म्हणत. सदतिसाव्या वर्षी बारकी म्हणावं असं तिच्यात काही उरलं नव्हतं, पण घरातली नावं वजन बघून बदलत नाहीत. ती दवाखान्यात परिचारिका होती. रडणारी पोरं, भांडणारे म्हातारे, फुटलेली डोकी, कशानेही तिचा हात कापत नसे. गाडीच्या स्टिअरिंगमागे बसायचं म्हटलं की मात्र ती काहीतरी निमित्त काढून सटकायची. लायसन्स होतं तिच्याकडे. मुदत संपली की ती इमानेइतबारे नवं करून आणायची आणि पुन्हा कपाटात साड्यांखाली ठेवून द्यायची. कामाला जायला बस होती, आणि बस चुकली तर देवाने दोन पाय दिले होते.

इतकी वर्षं हे निभावून गेलं. पण आता दवाखान्याने लांबच्या वस्त्यांसाठी फिरती गाडी सुरू करायची ठरवली होती. औषधं, तपासणीचं सामान आणि एक परिचारिका, असा सगळा मामला. मोठ्या डॉक्टरांनी कुणालाही न विचारता बारकीचं नाव पुढे केलं. बारकीला ते काम मनापासून हवं होतं. त्या वस्त्यांमधल्या बायका पायी आणि मिळेल त्या वाहनाने तीन तीन तास प्रवास करून दवाखान्यात येत आणि बहुतेक वेळा उशिरा येत. हे ती चौदा वर्षं बघत होती आणि चौदा वर्षं चरफडत होती. अडचण एकच. ड्रायव्हरची जागा मंजूर झाली नव्हती, तेव्हा गाडी परिचारिकेनेच चालवायची. "तुम्ही तर बाईंची नात," मोठे डॉक्टर हसून म्हणाले होते. "तुम्हाला काय सांगायचं!" उत्तर सोमवारी द्यायचं होतं. बारकीने 'घरगुती अडचणींमुळे' असं लिहून नकाराचं पत्र शुक्रवारीच तयार केलं आणि पर्समध्ये टाकलं.

रविवारी सकाळी बाईंच्या शिष्यांनी बैठक ठेवली होती. बाईंना जाऊन अडीच महिने झाले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य, शेवटपर्यंत हिंडतं फिरतं शरीर, आणि एके दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मिटलेले डोळे. रडण्यापेक्षा आठवणी काढाव्यात असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. जागा अर्थातच बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलची खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, टेबलावर कापून आतलं दाखवणारा जुना क्लच, आणि दाराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बाईंची शिकवण्याची जुनी पांढरी गाडी, बारकी जिच्यावर शिकली तीच. बसवाल्या बाई आल्या होत्या, दातांचे डॉक्टर आले होते, पाववाला आला होता, आणि मागच्या खुर्चीत चहाचा कप मांडीवर धरून फिटरकाका बसले होते. बाईंच्या गाडीचं सगळं काम चाळीस वर्षं त्यांनी एकट्याने केलेलं. मुलखाचे मुखदुर्बळ. आज तर त्यांनी चहाला हो की नाही तेही मानेनेच सांगितलं होतं.

बारकी आईशेजारी बसली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येकाने आपल्या शेवटच्या धड्याची आठवण सांगायची असं ठरलं होतं. फिरत फिरत पाळी तिच्यावर येणार होती.

तिचा शेवटचा धडा ती अठरा वर्षांत एक दिवस विसरली नव्हती. एकोणीस वर्षांची होती ती. सकाळची वेळ, उताराचा रस्ता, शेजारी आजी. कॅनव्हासचे बूट घातलेली, हात मांडीवर, आणि बडबड अखंड चालू. उभ्या असलेल्या दोन ट्रकांच्या मधून एक म्हातारा हातगाडी ढकलत एकदम समोर आला. बारकीला त्यानंतरचं फक्त एवढंच आठवत होतं, की आजीच्या बाजूने जोरात 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी हातगाडीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. आपण पाय उचलल्याचं, दाबल्याचं, काही म्हणजे काही तिला आठवत नव्हतं. शिकवण्याच्या गाडीला दुहेरी पेडलं असतात. शेजारच्याने आपला ब्रेक दाबला की चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जातो. त्यात त्या म्हाताऱ्याने खिडकीशी येऊन सांगितलं, "बाई, तुम्ही शेजारी होतात म्हणून वाचलो." आजी त्यावर हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. "सांभाळून जा हं," एवढं त्याला म्हणाली, आणि बारकीला म्हणाली, "न्यूट्रल कर. चालू कर. चल."

बारकीने गाडी घरापर्यंत आणली. पंधरा दिवसांनी परीक्षाही पास झाली. आणि नंतर तिने कानाला खडा लावला. आजी नसती तर तो म्हातारा मेला असता, मी मारला असता, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. आजीने दोनदा विचारलं, "का गं, गाडी काढत नाहीस?" एकदा बारकीने अभ्यासाचं कारण सांगितलं, एकदा मान आखडल्याचं. तिसऱ्यांदा आजीने विचारलं नाही. सगळ्या जगाला शिकवून आपल्या नातीला शिकवता आलं नाही, हे आजीला किती लागलं असेल, याचा विचार बारकी दर वेळी बसच्या रांगेत उभी राहिली की करायची. पण खरं कारण तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

बैठक रंगात आली होती. पाववाल्याने सांगितलं की शेवटच्या धड्याला बाईंनी आपल्या सासूची अशी काही गोष्ट सांगायला घेतली, की हसता हसता आपण चौक कधी ओलांडला ते कळलंच नाही. मग दातांचे डॉक्टर उठले. त्यांना बोलायला आवडतं, कारण एरवी त्यांच्यासमोरची माणसं तोंड उघडं असूनही बोलू शकत नाहीत.

"माझ्या शेवटच्या धड्याला," ते म्हणाले, "टेम्पो अचानक मागे आला. माझी तर पाचावर धारण बसली. पण बाई! काय तो पाय! विजेसारखा ब्रेक मारला. मी आज इथे उभा आहे तो बाईंच्या पायामुळे."

"माझंही तेच," बसवाल्या बाई म्हणाल्या. "चेंडूमागे पोर धावत आलं होतं. बाईंनी दाबला म्हणून. मी रोज पन्नास माणसं घेऊन जाते, पण तो दिवस आठवला की अजून काटा येतो."

मागच्या खुर्चीत कुणीतरी खोकलं. मग तो खोकला नसून हसणं आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. फिटरकाका हसत होते. कप बशीत वाजत होता, चहा बशीत सांडत होता, आणि काका डोळे पुसत होते.

"काय झालं हो?" डॉक्टरांनी जरा रागानेच विचारलं.

"नाही, तुमचं चालू द्या," काका म्हणाले. मग त्यांनाच राहवेना. "म्हणजे आता सांगायला हरकत नाही. बाई म्हणाल्या होत्या, मी आहे तोवर बोलायचं नाही. आता त्या नाहीत. डॉक्टर, बाईंनी ब्रेक मारलाच नाही. शेवटच्या धड्याला बाईंच्या बाजूला ब्रेकच नसायचा."

काका चाळीस वर्षांत बोलले नसतील तेवढं एका दमात बोलले.

"दोन पेडलांना जोडणारी सळई असते. तिच्यात एक पिन असते. शेवटच्या धड्याच्या दिवशी सकाळी बाई गाडी माझ्याकडे आणायच्या. म्हणायच्या, काढ रे पिन. मी काढायचो. धडा झाला की पुन्हा यायच्या, मी परत लावायचो. मधल्या वेळात बाईंच्या बाजूचं पेडल म्हणजे नुसता पाय ठेवायचा पत्रा. हँडब्रेक तेवढा हाताशी. पहिल्यांदा मी घाबरलो. म्हटलं, बाई, हे काय भलतंच? तर म्हणाल्या, अरे, माझा पाय माझं ऐकत नाही. समोर काही आलं की पोरांच्या आधी माझाच पाय जातो. मग पोरं शिकली की नाही हे मला कळणार कसं? पिन त्यांच्यासाठी नाही काढत, माझ्यासाठी काढते."

डॉक्टर सावकाश खाली बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच रंग चढायला लागला. "म्हणजे," ते म्हणाले, "तो टेम्पो... मी?"

"तुम्हीच. दुसरं कोण?"

"मी थांबवली?" डॉक्टरांची छाती हळूहळू फुगायला लागली. तिकडे बसवाल्या बाई हसत होत्या, रडत होत्या आणि शेजारच्या पाववाल्याला धपाटे घालत होत्या. "चोवीस वर्षं मी त्या बाईचे उपकार मानतेय! चोवीस वर्षं! आणि बेरकी म्हातारी नुसती हसायची!" खोलीत एकच गलका झाला. ज्याला त्याला आपला शेवटचा धडा नव्याने आठवायला लागला.

बारकी तेवढी हलली नाही. तिचे कान गरम झाले होते. पहिल्यांदा तिला वाटलं, सुटले. लगेच वाटलं, छे. इतरांचं ठीक आहे, पण आपल्या एकुलत्या एका नातीला कोण असं रस्त्यावर सोडील? आजी कितीही कडक असली तरी आजीच ना. घरच्या पोरीसाठी पिन जागेवर राहिली असणार. आणि राहिली असेल तर मग आपण जिथे होतो तिथेच. ती उठली, गलक्यातून वाट काढत मागे गेली आणि काकांच्या बाहीला धरून त्यांना शेडमध्ये घेऊन आली.

"काका, खरं सांगा. माझ्या वेळी पिन होती ना?"

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "का गं? तू पण त्यातलीच का?"

"आधी सांगा."

काकांनी बॉनेटवर हात टेकला. "तुझ्या वेळी मीच म्हणालो होतो, बाई, या खेपेला राहू द्या, घरचं लेकरू आहे. बाईंच्या हातून त्या दिवशी किल्ली दोनदा निसटली. एरवी असं कधी नाही पाहिलं. पण म्हणाल्या, काढ. घरची म्हणून सूट दिली तर तिला जन्मभर मी शेजारी लागेन."

बारकी गाडीच्या उघड्या दारात, आजीच्या जागेवर बसली.

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर स्टुलावर बसून दोन ग्लास पाणी प्यायल्या. म्हणाल्या, हातगाडी आडवी आली होती रे. मी पाय मारला, पण कशावर मारणार! तोवर पोरीने गाडी उभी केली होती. माझ्या आधी गेला तिचा पाय. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नाही. मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली, म्हणून ध्यानात आहे."

बारकीला हे सगळं खरं वाटत होतं, आणि खरं वाटतंय याचीच भीती वाटत होती. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच सांगतात, आणि रडवेल्या बाईला तर हवं तेच सांगतात. ती म्हणाली, "पिन काढा."

"आत्ता?"

"आत्ता."

काका कुरकुरत गुडघ्यावर बसले, गाडीत डोकं घातलं आणि थोड्या खटपटीनंतर बोटाएवढी एक पिन घेऊन बाहेर आले. "मार आता पाय," ते म्हणाले.

बारकीने आजीच्या बाजूचं पेडल जोरात दाबलं. ते कशालाच न अडता थेट खाली गेलं आणि लोखंडावर लोखंड आपटलं. खट्.

तोच आवाज. अठरा वर्षं स्वप्नातून जागं करणारा, बसच्या रांगेत मध्येच ऐकू येणारा तोच आवाज. काकांनी पिन परत लावली आणि तिने पुन्हा दाबलं. या वेळी पेडल जड लागलं, निम्म्यावर जाऊन थांबलं आणि आवाज झालाच नाही. तिने काकांकडून तीनदा पिन काढवली आणि तीनदा लाववली. पिन असली की आवाज नाही. नसली की खट्.

म्हणजे तो आवाज आजीने गाडी थांबवल्याचा नव्हता. आजीला काहीच करता न आल्याचा होता. गाडी बारकीने थांबवली होती. एकोणीस वर्षांच्या, घाबरलेल्या, काही न आठवणाऱ्या बारकीच्या पायाने.

तिचा जीव असा काही भांड्यात पडला की आधी तिला हसू आलं, मग हुंदका आला आणि मग सणसणीत राग आला. "अगं मग सांगायचं ना मला!" ती गाडीच्या रिकाम्या सीटवर ओरडली. "एका शब्दाने सांगायचं! अठरा वर्षं बसचे धक्के खाल्ले मी!"

"तू तरी कुठे सांगितलंस?" दारातून आवाज आला. आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "त्यांना वाटायचं, तुला आवडत नाही. मला म्हणायच्या, जबरदस्तीने शिकवलं मी पोरीला, माझ्याच हौसेपायी. दोनदा विचारलं, ती टाळतेय, आता विचारून तिला लाजवायचं नाही."

बारकीने डोळे पुसले. दोघी एकमेकींना जपत बसल्या, आणि जपता जपता अठरा वर्षं वाया घालवली. आजी समोर असती तर तिने तिला आधी मिठी मारली असती आणि मग कडकडून भांडली असती. दोन्ही राहून गेलं याचं तिला फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याखाली, अगदी तळाशी, काहीतरी मोकळं झालं होतं, आणि ते तिला दडवता येत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "गाडी चालू होते का अजून?"

"न व्हायला काय झालं? दर आठवड्याला फिरवतो मी." काकांचे हात ग्रीसने माखले होते. ते फडकं शोधायला लागले. बारकीने पर्स उघडली, त्यातला घडी घातलेला कागद त्यांच्या पुढे केला आणि म्हणाली, "याला पुसा. याचं आता काही काम नाही."

बैठक आपोआपच शेडसमोरच्या मोकळ्या मैदानात आली. काका शेजारी बसले आणि बारकीने गाडी चालू केली. ती बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. दातांचे डॉक्टर बाहेरून सूचना द्यायला लागले तेव्हा बसवाल्या बाईंनी त्यांना गप्प बसवलं. तिसऱ्यांदा गाडी हलली. मैदानाला पाच चकरा झाल्या, मग दहा. अकराव्या चकरेला बारकीच्या लक्षात आलं की आपण ओठ चावायचं विसरलो आहोत. दुपारपर्यंत ती काकांना घेऊन तीनदा बाजारातून फिरून आली. शेडपाशी येताच काका खाली उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "मी जेवायला जातो. तुला माझी काही गरज नाही."

बारकीने आईकडे बघितलं. "येतेस? वस्तीपर्यंत किती वेळ लागतो ते बघून येऊ. परवापासून जायचंय मला."

आई मागचं दार उघडून बसली.

आता बारकीच्या आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती सासूच्याच हाताखाली शिकली होती आणि बाईंच्या सगळ्या शिष्यांना जी खोड लागते ती तिलाही होती. दुसरा कुणी गाडी चालवत असला की ती डोळ्यांत तेल घालून रस्ता बघायची आणि जागोजागी पाय जमिनीवर दाबायची. नवऱ्याच्या गाडीत, भावाच्या गाडीत, कुठेही. बारकीच्या वडिलांनी तर तिला एकदा वैतागून पुढे बसायला बंदी केली होती.

गाव मागे पडलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं होती. बारकी बोलत होती. आजीवर किती चिडली आहे ते, मोठ्या डॉक्टरांना उद्या काय सांगायचं ते, वस्तीत आधी कुणाला तपासायचं ते, मनात येईल ते ती बोलत सुटली होती. मागून हूं की चूं नव्हतं. तिला वाटलं, आई घाबरून गप्प बसली असेल. आरशात बघायचा तिला बराच वेळ धीर झाला नाही.

चाळीस मिनिटांनी वस्तीची पाण्याची टाकी दिसली. बारकीने वेग कमी केला, कडेच्या झाडाखाली गाडी घेतली आणि उभी केली. हँडब्रेक ओढला. मग मागे वळून बघितलं.

आई झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय उचलून सीटवर घेतलेले. गाडीचा आवाज थांबल्यावर थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आलो?" ती म्हणाली. "थांबवलीस कधी? मला कळलंसुद्धा नाही."

बारकीने मागे झुकून आईचा हात घट्ट धरला.